कोरडा पदर

भाकरी घशाखाली उतरेना, तिथून हे सुरू झालं असं मी आता म्हणते. तेव्हा काही सुरू झालंय असं वाटलंही नव्हतं. ज्वारी जाड दळली असेल, पीठ जुनं असेल, असं म्हणत मी घोट घोट पाणी पिऊन जेवण उरकायची. पुढे पाण्याशिवाय एकही घास जाईना. एका लग्नात पंगतीला बसले, तर पहिला घास तोंडात नुसताच फिरत राहिला. वाढपी बुंदी घेऊन आला तरी माझ्या ताटातलं आधीचं तसंच होतं. शेजारची बाई म्हणाली, "जेवा की ओ, लाजता कामून?" मी हसले आणि तो घास पदराआड काढून ठेवला.

मी महानंदा. कमलनगरला राहते. घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. माझे पती शिवराज खत-बियाण्याच्या दुकानात कामाला आहेत. लिहिताना नाव घेतलं, घरात अजून घेत नाही. मुलगी पूजा बिदरला कॉलेजात शिकते. माझं माहेर बसवकल्याणकडचं कोहिनूर. तिथे आई होती, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. तिथेच माझा थोरला भाऊ संगण्णा, म्हणजे आमचा अण्णा, आणि वहिनी राहतात. वडील मी इतकी लहान असताना गेले की मला त्यांचा चेहराही आठवत नाही.

हे लिहायला पूजाने सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला नाव सापडलं. ज्यांना अजून सापडलं न्हाई त्यांनी काय करावं?" काय करावं ते मलाही नीट माहीत नाही. जे झालं ते सांगते.

तुकडे

घशानंतर डोळे. ज्वारीची रास करताना डोळ्यात कुसळ जातं ना, तसं दिवसभर वाटायचं. चोळलं की लाल व्हायचे. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागायची. उदगीरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "मशीनवर किती वेळ बसता?" आणि थेंब लिहून दिले, काम कमी करा म्हणाले.

मग दात. पुढचा एक दात शेंगदाणा चावताना तुटला. मागचे एकामागून एक किडत गेले. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, त्यासाठी हाडांचे डॉक्टर. ते म्हणाले वात आहे. बायकांच्या डॉक्टर म्हणाल्या, तुमचं वयच तसं आहे, पाळी जायच्या आधी असं होतं. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या आणि फार विचार करू नका म्हणाले. कोणीच वाईट नव्हतं. मी एकच बाई होते, पण प्रत्येकाकडे माझा एकेक तुकडा जायचा.

सगळ्यात वाईट होता तो थकवा, आणि तो दाखवता येत नव्हता. झोपून उठले तरी रात्रभर रास उचलल्यासारखं अंग. चुलीपासून मशीनपर्यंत जाताना भिंतीला टेकून उभी राहायची. अर्धवट शिवलेले ब्लाउज साचत गेले, गिऱ्हाइकं कापड परत नेऊ लागली. एकदा ह्यांनी कामावरून आल्यावर विचारलं, "आज काय दुखायलंय?" मी म्हणाले, "आज जबड्याखाली सूज आलीय." ते चप्पल काढता काढता थांबले.

"रोज एक नवीन काढतीस तू. एका दुखण्याला धरून तर राह्य."

  त्या दिवसापासून मी दुखणं सांगायचं बंद केलं, आणि न सांगितल्यामुळे घरात सगळ्यांना मी बरी झाले असं वाटायला लागलं.

अव्वाच्या बाजेजवळ

त्याच वर्षी पावसाळ्यात अव्वाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी कोहिनूरला गेले ती मनाशी ठरवून, की आता वहिनीला बाजेजवळ येऊ द्यायचं नाही, सगळं आपण करायचं.

मला तिला कुशीवर वळवताही येईना. बोटांत जोरच नव्हता. एकदा तिला धरून बसवताना माझा हात सुटला आणि ती उशीवर कोसळली. वहिनी धावत आली. मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अक्का. मीच करते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती. दुपारी मी अव्वाजवळ बसल्या बसल्या झोपून गेले. जाग आली तर अण्णा दारात उभा.

"दोन दिस अव्वापाशी बसायचं तर तुला झोप येतीय," तो म्हणाला. "तिकडं बी असंच करतीस का?"

"अण्णा, मला बरं न्हाई रे."

"काय झालंय?"

काय झालंय? तेच तर मला माहीत नव्हतं. तापाला नाव असतं, शुगरला नाव असतं. मी सांगू लागले, घास गिळत नाही, डोळे जळतात, बोटं आखडतात. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. अण्णा ऐकून घेऊन शेताकडे निघून गेला.

त्या संध्याकाळी मी अव्वाच्या बाजेशेजारी ताट घेऊन बसले होते. घास गिळेना म्हणून मान खाली घालून चघळत होते. अव्वा बघत होती. तिने डाव्या हाताने तिची वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. जिभेने शब्द येत नव्हते, तरी ती जोर लावून म्हणाली, "बुड... बुडवून." मला वाटलं, एवढी आजारी आहे तरी लेकीच्या जेवणाची काळजी करते. मी भाकरी वरणात बुडवून खाल्ली. तिने डोळे मिटले.

पदर

तुरी काढायच्या दिवसांत अव्वा गेली. जास्त झालंय असा निरोप आला आणि आम्ही कमलनगरहून निघालो तेव्हा वाटत होतं, गाठ पडेल. कोहिनूरच्या फाट्यावर उतरलो तर तिथल्या टपरीवाल्याने ह्यांच्याकडे बघून हात जोडले.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. अव्वाला आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, हातात लिंग, गळ्यात झेंडूच्या माळा. ती नेहमी बसायची तशीच बसली होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझ्या छातीतून जे वर आलं ते मला सहन होईना. आवाज फुटला. पण तोंड असं कोरडं, की तोही खरखरीत, फुटक्या भांड्यासारखा. आणि डोळ्यांतून काही आलंच नाही. डोळे आगीसारखे जळत होते, मी ते मिटत होते, उघडत होते, पिळत होते. एक टिपूस नाही.

वहिनी रडत होती. माहेरी आल्या की अव्वाच्या पाया पडणाऱ्या गल्लीतल्या लेकी रडत होत्या. पूजा रडत होती. भावकीतली एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रड माय, मोकळी व्हय." थोड्या वेळाने तीच पलीकडच्या बाईला म्हणाली, हळू म्हणाली, पण मला ऐकू गेलं.

"लेक हाय का कोण? पदर कोरडाच हाय."

मी खोटं खोटं डोळ्यांना पदर लावला. आईच्या मातीला मी नाटक केलं. त्याची लाज मला आजारापेक्षा जास्त वाटली.

तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन समाधीवर दूध घालून आलो. ओसरीवर सगळे बसले होते. अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "नंदे, एक इचारू? अव्वा तुजी न्हवती का गं?"

 ह्यांनी माझी पिशवी उचलली.

पंचमी

नागपंचमीला आमच्याकडे भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. मुराळी म्हणतात त्याला. अव्वा होती तोवर अण्णा एकही वर्ष चुकला नव्हता. ओला रुमाल डोक्याला बांधून मोटारसायकलवर यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "चल गं, आवर."

त्या वर्षी मी बांगड्या भरून घेतल्या नाहीत, पण पिशवी भरून ठेवली होती. दिवसभर मोटारसायकलचा आवाज आला की मशीन थांबवायची. हे कामावरून आले, पिशवी बघितली, आणि खुंटीला अडकवून ठेवली. मग माझ्याजवळ येऊन बसले. बऱ्याच दिवसांनी म्हणाले, "खरं सांग. तुला काय काय हुतंय?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. "इतकं सारं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ज्वारीची अंबील केली, ताक घालून, पातळ. पहिल्यांदा केली म्हणून गुठळ्या झाल्या होत्या. ती मला न थांबता पिता आली. पोटभर जेवल्यासारखं वाटलं, किती महिन्यांनी.

चिकटलेला आरसा

वाट दाखवली ती दातांच्या डॉक्टरांनी. बिदरला पूजाने नेलं होतं, उरलेले दात वाचतात का बघायला. डॉक्टर पूजाहून फार मोठ्या नसतील. त्यांनी तोंडात तो छोटा आरसा घातला आणि बाहेर काढताना तो माझ्या गालाला आतून चिकटला. त्यांनी परत घातला, परत चिकटला. दात बघायचे सोडून त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"थुंकी येते का तोंडात?"

"लई दिवस झाले, न्हाई."

"डोळे?"

"जळतात."

"सांधे? थकवा?"

मी मान हलवत गेले. चार वेगवेगळ्या दवाखान्यांत सांगितलेल्या गोष्टी त्या खुर्चीवर पहिल्यांदा एका ओळीत आल्या. त्या म्हणाल्या, "काकू, हा दातांचा आजार नाही. हैदराबादला संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

हैदराबादचा दवाखाना म्हणजे बाकांचं गाव. एका बाकावरून दुसऱ्यावर सरकत सरकत दिवस जायचा. रक्त, लघवी, छातीचा फोटो. खालच्या ओठाच्या आतून एक बारीकसा तुकडा काढला, त्याची भीती फार वाटली, दुखलं तेवढं नाही. बाकावर माझ्या शेजारी झहीराबादची एक मुलगी बसायची, तिच्या गालांवर लाल चट्टे होते. तिची आई मला विचारायची, "तुमकू क्या बोले?" मी म्हणायची, "अबी कुछ नई बोले." आम्हा दोघींनाही काहीच सांगितलेलं नव्हतं. आम्ही एकमेकींना पाणी द्यायचो.

एका दिवशी डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाच्या बारीक पट्ट्या अडकवल्या आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांनी त्या उजेडात धरून बघितल्या. चांगल्या डोळ्याच्या माणसाची पट्टी भिजत खाली येते म्हणे. माझ्या होत्या तशाच होत्या.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या, हैदराबादी बोलायच्या. त्यांनी सहज विचारलं, "रोना आता क्या अम्मा?"

 मी म्हणाले, "माँ मरी मेरी. तो भी नई आया."

त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. "आंसू बनतेइच नई तो आते कैसे, अम्मा?"

हे बाहेर बाकावर होते. मी उठले, दार उघडून त्यांना आत बोलावलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "इनके सामने एक बार और बोलो." त्या समजल्या. त्यांनी ह्यांना समोर बसवून सावकाश सांगितलं. शोग्रेन नावाचा आजार आहे. अंगाची जी ताकद रोगाशी लढायला असते तीच चुकून आपल्याच डोळ्या-तोंडातल्या पाणी करणाऱ्या ग्रंथींवर उलटते. अश्रू आटतात, थुंकी आटते, सांधे धरतात, थकवा येतो. मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो. हिचा यात काही दोष नाही. शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांनी विचारलं, "घर में और किसीकू है?" मी म्हणाले, "नई."

परतीच्या गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत होते.  भालकी आल्यावर म्हणाले, "मी तुला बोललो हुतो. एका दुखण्याला धरून राह्य म्हणून." मी म्हणाले, "एकच तर हुतं."

नाव मिळाल्यावर

घरी आल्यावर पहिला फोन मी अण्णाला लावला. वहिनीने उचलला आणि त्याला दिला. मी सगळं सांगितलं, पट्ट्यांचं पण. 

"रडू न येण्याचा बी आजार आसतो व्हय?" तो म्हणाला. "डॉक्टर लोक काय बी म्हणतेत. तुला जे पायजे ते सांगितलेत." आणि फोन ठेवला.

नाव मिळालं की सगळं सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे सांगायचं आहे. नाव मिळालं म्हणून मला रात्री शांत झोप लागली हे खरं. वेड लागलेलं नाही, आळस नाही, नजर नाही, हे कळलं. पण ज्या माणसाने विश्वास ठेवावा म्हणून मी ते नाव शोधत होते, त्याला ते नको होतं.

आता गोळ्या चालू आहेत. सूज उतरली, बोटं सकाळी लवकर सुटतात. थकवा येतो तेव्हा मी मशीन बंद करते आणि कोणाला कारण सांगत नाही. भाकरी कुस्करून, आमटीत भिजवून खाते. डोळ्यांत थेंब घालावे लागतात, त्यांना डॉक्टर नकली अश्रूच म्हणतात. मेडिकलवाले आमच्या ओळखीचे. रस्त्यावरून जाताना हाक मारतात, "ताई, तुमचे अश्रू आलेत, घेऊन जावा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि पूजा भर रस्त्यात हसलो. घरी आल्यावर पूजा रडली.

अण्णा आला

उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, मोटारसायकल थांबली. अण्णा एकटाच. मी पाणी दिलं. त्याने तांब्या तोंडाला लावला नाही, तसाच हातात धरून बसला. दाढी वाढली होती. अव्वाच्या तिसऱ्या दिवसानंतर मी त्याला बघितलंच नव्हतं. तो म्हातारा दिसायला लागला होता.

"त्या तुज्या आजारात," तो म्हणाला, "तोंड बी कोरडं पडतं म्हणलीस का?"

"व्हय."

"दात बी जातेत?"

"जातेत. कामून रे?"

त्याने तांब्या खाली ठेवला. "अव्वाचे दात कवा गेले, आटवतंय का तुला?"

मला तिचा दात असलेला चेहरा आठवेना. लहानपणापासून मी तिला बोळक्या तोंडाचीच पाहिली होती. आणि मग एकेक आठवायला लागलं. जेवताना तिच्या मांडीला टेकलेला पाण्याचा तांब्या. भाकरी कधीच कोरडी न खाणं. लाल डोळे, चुलीच्या धुराने म्हणायची. सकाळी मुठी उघडझाक करत उंबऱ्यावर बसणं. आम्ही सगळ्यांनी ते तिचं वागणं म्हणून धरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी किती सहज "नाही" म्हणाले होते.

"अप्पा गेले तवा तू पाळण्यातून नुकती उतरलेली," अण्णा सांगू लागला. "मी जाणता हुतो. अव्वा रडली न्हवती, नंदे. एक टिपूस न्हाई. आत्या, काकू, समदे बोलले तिला. दगड म्हणले. मी बी म्हणलो. मी म्हणलो, अव्वा, अप्पा तुजे कोन न्हवते का?"

मी विचारलं,

"काय म्हणली ती?"

"म्हणली, रडायलेय रे बाळा. तुला दिसंना." तो थांबला. "लई दिस मी तिच्याशी नीट बोललो न्हाई. मग इसरून गेलो. आन् तुला बी तेच इचारलो. त्याच ओसरीवर बसून."

बाहेर कोणाची तरी जीप गेली. मशीनवर अर्धा ब्लाउज तसाच होता. हैदराबादच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, माझ्या आईला हाच असेल का? त्या म्हणाल्या, असू शकतो, पण आता कसं सांगणार? अव्वाच्या डोळ्यांत कोणी पट्टी लावली नाही. तिचा आजार तिच्याबरोबर मातीत गेला, बिननावाचा.

अण्णाने जमिनीकडे बघत विचारलं, "तिला लई तरास व्हत आसंल का गं?"

हे सांगू शकेल अशी या जगात मी एकटीच उरले होते. घास घशात अडकतो तेव्हा कसं वाटतं, पापणी उचलताना कशी घासते, सगळे निजलेले असताना जीभ टाळ्याला कशी चिकटते, अंग उचलत नसताना उठून चूल कशी पेटवावी लागते, हे सगळं मला माहीत होतं. आणि तिने ते गोळीशिवाय, थेंबांशिवाय, कोणाला न सांगता, लोकांची शेतं खुरपत, आम्हा दोघांना वाढवत काढलं होतं.

"न्हाई रे, अण्णा," मी म्हणाले. "सवय हुते माणसाला. इतका काय तरास न्हाई."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने वर बघितलं.

"मग तुला?"

त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच उत्तर वाचलं असावं. तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला, लहान पोरासारखा, हुंदके देत. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला गप्प केलं नाही. अव्वाचं, माझं, त्याचं, आम्हा तिघांचं रडणं त्या दुपारी त्यालाच रडायचं होतं.